माझ्याच हातानं 'वगळावा'

आईच्या कपाळावर लाल ठिपका हलत होता. सरांच्या हातातल्या लेझरचा.

कॉलेजच्या सभागृहात, पडद्यावर, तिचा फोटो माणसापेक्षा मोठा झाला होता. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात बालदी, मागं खाडी. फोटो मीच काढलेला, माझ्या फोनवर. बाबा गेल्यापासून आई कपाळ मोकळं ठेवते. आता तिथं ठिपका होता आणि समोर साठ-सत्तर मुलं बसली होती.

"हा लेख बघा," सर म्हणाले. "यात काय चुकलंय?"

मग मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, पण ही बाई कोण?"

हशा पिकला.

"बरोबर. नेमका हाच प्रश्न विचारायचा," सर म्हणाले. "ही बाई कोण?"

ती कोण ते सरांना माहीत होतं.

इंटरनेटवर कुणालाही लिहिता येतो तो ज्ञानकोश. त्यात मराठीतून लेख कसे लिहावेत याची ती कार्यशाळा होती. पुण्याहून एक गृहस्थ शिकवायला आले होते. ते त्या ज्ञानकोशाचे प्रचालक, म्हणजे लेख ठेवायचा की काढायचा हे बटण त्यांच्या हातात. सर आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या लॅबमध्ये कंत्राटी परिचर. बाटल्या धुणं, नमुने मांडणं, चहा सांगणं. त्या दिवशी मी दाराशी उभी होते.

"लेखिका इथंच आहेत," सर म्हणाले. "आमच्या लॅबमधल्याच ताई. आईवर लेख लिहिलाय त्यांनी. भावना चांगली आहे. पण ज्ञानकोश भावनेवर चालत नाही."

सगळी डोकी मागं वळली.

पुण्याचे गृहस्थ वाईट नव्हते. हे लिहायला हवं. ते मऊ आवाजात म्हणाले, "राग मानू नका ताई. हे व्यक्तीबद्दल नाही, नियमाबद्दल आहे. विषयाची उल्लेखनीयता दाखवावी लागते. स्वतंत्र, छापील संदर्भ लागतो. तो इथं नाही. तुम्ही स्वतःच सहमती दिलीत तर चर्चा आत्ताच बंद करता येईल. मुलांनाही प्रक्रिया बघायला मिळेल."

"या ना," सर म्हणाले. "पुढं या."

मी गेले. पाय गेले. कुणीतरी खुर्ची मागं सरकवली. लॅपटॉपवर माझ्या लेखाचं चर्चेचं पान उघडं होतं. मी टाइप केलं ते मोठं होऊन पडद्यावर उमटत होतं. व. ग. ळा. वा.

"खाली सही करा," सर म्हणाले.

मी सही केली.

पुण्याच्या गृहस्थांनी एक बटण दाबलं. आईचा फोटो गेला. पान पांढरं झालं, वर एक ओळ आली की हा लेख वगळण्यात आला आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वाजवायला सुरुवात केली म्हणून वाजवल्या असतील.

"याला म्हणतात खिलाडूवृत्ती," सर म्हणाले. "चला, चहा आणा ताई."

मी चहा आणला. रडलीस का, असं नंतर लॅबमधल्या दोघींनी विचारलं. नाही. काही झालंच नाही. बोटं बर्फात ठेवल्यावर जशी होतात तसं सगळं अंग झालं होतं, आणि मी कप वाटत होते.

माझी आई, शेवंती रामा जाधव. तारकर्लीच्या बाजूला, खाडीच्या कडेला आमची वाडी. आई तिसऱ्या काढते. चिखलातल्या शिंपल्या, बाजारात वाटे लावून विकतात त्या. मुळे, खुबे या दुसऱ्या शिंपल्या काढते, खडकावरची कालवं फोडते. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. सुकती लागली की वाडीतल्या बाया खाडीत उतरतात. बाकीच्या चिखलावर डोळे शोधतात. तिसरी चिखलात बसली की वर दोन बारीक भोकं दिसतात, त्यांना डोळे म्हणायचं. आई खाली बघतही नाही. ती पायानं चालते आणि पायानं ओळखते. काळी तिसरी, धवी म्हणजे पांढरी तिसरी. आणि एक अशी की जी वर डोळेच ठेवत नाही. ती खोल असते, गार पाण्याच्या झऱ्याजवळ. आई तिला आंधळी म्हणते. आंधळी तिसरी. हे नाव तिला तिच्या आईनं दिलं.

सर वीस वर्षांपूर्वी पीएचडी करायला खाडीवर आले. तेव्हा ते सर नव्हते, पुस्तकं आणि प्लास्टिकच्या डब्या घेऊन फिरणारे तरुण होते. गावातल्या मोठ्या घरातले. त्यांच्या घरी आई तिसऱ्या विकायला जायची. "बालदी थंयच ठेव," असं त्यांची आई गेटातूनच सांगायची. आई गेटाबाहेर बसून वाटा लावायची.

तीन वर्षं ते सुकतीच्या वेळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसले. आई त्यांना खाडीत न्यायची. एकेक शिंपली हातात देऊन सांगायची. ही पावसात पोट धरते, अंड्यांनी भरते, तेव्हा काढायची नाही. ही खारं पाणी कमी झालं की मरते. ही वाळूत टाकली तर स्वतःहून चिखलाकडं जाते. ते लिहून घ्यायचे. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते. मला आठवतं ते इतकंच की आई त्यांच्यासाठी चटई टाकायची आणि ते चटई बाजूला करून पायरीवर रुमाल घालून बसायचे. पाणी त्यांचं त्यांचं असायचं. बाटलीतलं. आईला त्यात काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणत नसे.

पुस्तक निघालं. जाड, रंगीत. आंधळ्या तिसरीवर त्यात सात पानं. त्याच सात पानांनी सरांचं नाव झालं, परदेशात बोलावणी आली. तळाला लिहिलं होतं, 'स्थानिक नाव: आंधळी तिसरी'. प्रस्तावनेत आभार होते. मार्गदर्शकांचे, वनखात्याचे, पत्नीचे, टंकलेखकाचं नाव घेऊन टंकलेखकाचे. शेवटची ओळ अशी: 'तसेच खाडीवर मदत करणाऱ्या एका स्थानिक महिलेचे.'

पुस्तक आमच्या घरी आलं नाही. मी ते कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं, नोकरीला लागल्यावर.

नोकरी सरांनीच लावली. हेही लिहायला हवं. "हिच्या आईनं आपल्याला खूप मदत केलीय," असं ते स्टाफरूममध्ये सांगायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं. सहा वर्षं बरं वाटत होतं.

एकदा नमुन्यांच्या बाटल्यांना लेबलं लावताना मी फोनवर ज्ञानकोश उघडला. सरांच्या नावाचा लेख होता. जन्म, शिक्षण, पुस्तक, पुरस्कार. त्यात एक फोटो. सर खाडीत वाकलेले, आणि फोटोच्या कडेला त्यांना शिंपली देणारा एक हात. फक्त हात, मनगटापर्यंत. तर्जनीवर आडवा व्रण. कालवं फोडताना कोयता लागला होता, तो. फोटोखाली सरांचं नाव होतं. हात कुणाचा ते नव्हतं.

मग मी आंधळी तिसरी शोधली. तिचाही लेख होता. शिंपलीचा. लांबी, रंग, राहण्याची जागा, संदर्भ म्हणून सरांचं पुस्तक.

तिसरीला लेख होता. आईला नव्हता.

म्हणून मी लिहिला. दुपारच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या बाकावर बसून, आठ दिवस. मला शुद्धलेखन येतं तेवढं नीट केलं. आई काय काय ओळखते, कुठल्या महिन्यात काय काढत नाही, कुणाकडून शिकली. शेवटी संदर्भ दिला. सरांचं पुस्तक, प्रस्तावना.

काही दिवसांनी लेखावर तो काढायच्या सूचनेची पट्टी लागली. चर्चेच्या पानावर लिहिलं होतं, 'वगळावा. व्यक्ती उल्लेखनीय नाही.' मी लिहिलं, संदर्भ दिला आहे. उत्तर आलं, 'त्या पानावर या व्यक्तीचं नाव नाही.' मी लिहिलं, स्थानिक महिला म्हणजे माझी आईच, वाडीत कुणालाही विचारा. उत्तर आलं, 'तोंडी माहिती संदर्भ म्हणून चालत नाही.' दुसऱ्या कुणी लिहिलं, 'घरच्या माणसांवर लेख लिहायची ही जागा नव्हे.'

मी सरांकडं गेले. म्हटलं, सर, तुम्ही एक ओळ लिहा. ती बाई म्हणजे शेवंती जाधव, एवढंच. कुठंही छापा. कॉलेजच्या नियतकालिकात छापलं तरी चालेल.

सर हसले. रागानं नाही. "अगं, मी आता असं लिहिलं तर त्यात हितसंबंधाचा प्रश्न येईल. तू माझ्याच विभागात आहेस. लोक काय म्हणतील? नियम असतात." मग म्हणाले, "पण उदाहरण चांगलं आहे. कार्यशाळेत वापरू."

मला वाटलं, चांगलं उदाहरण म्हणजे चांगला लेख.

कार्यशाळेनंतर चार-पाच दिवस मी कामावर जात राहिले. बाटल्या धुतल्या. मुलं मला बघून हसत नव्हती, ती विसरली होती. ते बरं की वाईट तेही मला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी आई अंगणात कालवं फोडत बसली होती, तेव्हा तिनं विचारलं.

"तां तू माजा काय लिवलेलंस, तां आसा मां अजून?"

"नाय. काढल्यानी."

"कित्याक?"

"तुजा नाव खंय छापलेला नाय म्हणान."

तिनं एक कालव फोडलं, गर वाटीत टाकला. दुसरं उचललं.

"छापूचा होता कोणी?"

मी कालवांची पाटी तिच्याकडं सरकवली.

"तेका माजा नाव म्हायत होता," ती म्हणाली. आणि पुढचं कालव फोडलं.

तेवढंच. पण मी तिथंच बसून राहिले. ते लोक खोटं बोलत नव्हते. आईचं नाव कुठं छापलेलं नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांचा नियमही त्यांच्या जागी सरळ होता, छापलेलं दाखवा. पण छापायचं ज्याच्या हातात होतं त्यानं जागा कोरी ठेवली. वीस वर्षांनी त्याच माणसानं त्या कोऱ्या जागेकडं लेझर धरला आणि विचारलं, ही बाई कोण? आणि मी? मी खुर्चीवर बसून सही केली. ते मी कुणावर ढकलणार नाही. चार अक्षरं मी लिहिली.

आईला ते मी त्याच वेळी सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला. म्हणाली, "तुयां लिवलंस?" मी मान हलवली. ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला सभागृहापेक्षा जड गेलं.

एप्रिलमध्ये सर घरी आले. बरोबर पाच-सहा विद्यार्थी आणि एक कॅमेरावाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. आंधळ्या तिसरीचा जिवंत फोटो हवा होता, चिखलातला. आठवडाभर शोधून त्यांना एकही मिळाली नव्हती.

"चला बाई," सर खळ्यातूनच म्हणाले. "सुकती सुटेल."

आईनं बालदी उचललीही होती. तिची सवय ती. कुणी खाडीत चल म्हटलं की ती निघते.

मी दारात उभी होते. कॉलेजात मी सरांशी नेहमी पुस्तकी बोलायचे. त्या दिवशीही तसंच बोलले, आवाजही चढवला नाही.

"सर, आधी एक कागद लिहून द्या. आंधळी तिसरी शेवंती रामा जाधव यांनी दाखवली. खाली तुमची सही. आणि हेच नव्या आवृत्तीत छापायचं."

सर विद्यार्थ्यांकडं बघून हसले. "अगं, शास्त्रीय पुस्तकात तशी पद्धत नसते. माहिती देणाऱ्यांची नावं घालत नाहीत."

"टंकलेखकाचं घातलंय."

हसू गेलं. "तू लॅबमध्ये आहेस. ते विसरू नकोस."

"विसरले नाही. आई येणार नाही."

हे मी आईला न विचारता बोलले. बोलून झाल्यावर लक्षात आलं. तीन वर्षं कुणीच तिला विचारलं नव्हतं आणि आता मीही नाही. मी तिच्याकडं बघितलं. म्हटलं, "आई, तुका जावचा आसल्यास जा. माका राग येवचो नाय."

आई बालदी घेऊन सरांच्या समोर गेली. पदर खोचलेला होता, तो तिनं सोडून खांद्यावर घेतला.

"सर, माजा नाव काय?"

"शेवंती. म्हणजे काय बाई, इतकी वर्षं..."

"पुराय नाव."

मी ते मिनिटापूर्वी उच्चारलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. सर तोंड उघडून थांबले. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. एक मुलगी हळूच पुटपुटली, "शेवंती रामा जाधव." सरांनी तिच्याकडं वळून बघितलं.

"तीन वर्सां ह्या खळ्यात बसलात," आई म्हणाली. आवाज शांत होता. "शिंपयेचा नाव लिवन घेतलात. आवशीचा नाव काय, बापाशीचा काय, खंयच्या वाडीत मिळता, सगळा शिंपयेचा लिवन घेतलात."

तिनं बालदी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. मांड्यांवर हात ठेवून. पाणी चढेपर्यंत ती तशीच बसली. सर अर्धा तास खळ्यात उभे होते. फोन केला, इकडं तिकडं फिरले, मग गाडीत बसले. कॅमेरावाल्यानं जाताना आईला नमस्कार केला.

मला तेव्हा काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी पलीकडच्या वाडीतल्या सत्यभामाकाकीला नेलं. ती आईबरोबर उतरायची, तिलाही पायानं कळतं. तिनं तीन आंधळ्या तिसऱ्या काढून दिल्या. फोटो झाले. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "तिका काय दोष." जूनमध्ये कॉलेजच्या कारकुनानं सांगितलं की यंदाच्या कंत्राटाच्या यादीत माझं नाव नाही. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लॅबची किल्ली टेबलावर ठेवून आले.

आता मी बाजारात आईबरोबर वाटे लावते.

सत्यभामाकाकीकडं मी गेले. ती घाबरली, भांडायला आले असं वाटलं तिला. मी वही काढली.

"काकी, पुराय नाव सांग."

"कित्याक गो? सगळी सत्यभामाच म्हणतत."

"तुयां तिसरी काढून दिलंस मां सरांक? ती कोणी काढली तां लिवचा आसा."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सत्यभामा सोनू कदम." आणि लगेच, "माज्या आवशीचापण लिव. तिना शिकयलेला."

मी लिहिलं. दोघींची नावं, वाडी, काय ओळखतात, कधीपासून. खाली काकीचा अंगठा घेतला, तारीख घातली. आई धरून अशा अकरा बाया झाल्यात. आणखी आहेत, खाडीच्या वरच्या अंगाला वालावलपर्यंत आहेत. ही वही कुणी संदर्भ म्हणून मानणार नाही. मला ते माहीत आहे. आईचा लेखही मी पुन्हा टाकणार नाही. त्यांच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं माझं संपलं.

नवी आवृत्ती दिवाळीनंतर येणार, असं कळलंय. प्रकाशन समारंभ होईल, भाषणं होतील, शेवटी कुणी म्हणेल की प्रश्न असतील तर विचारा. आम्हाला बोलावणं येणार नाही. आम्ही जाणार. आई, काकी, ज्या येतील त्या सगळ्या. मी उभी राहून विचारणार, आंधळी तिसरी तुम्हाला कुणी दाखवली? ते म्हणतील, स्थानिक महिलांनी. मी म्हणणार, नावं सांगा. माइक काढून घेतला तर बिनमाइकचं विचारीन. खाली बसा म्हणतील.

अकरा नावं घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.